ग्लासभर पाणी आणि घोटभर डिझेल

चालू गाडीच्या बॉनेटवर फडक्याची घडी ठेवायची, त्यावर काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा आणि मग बघत राहायचं. ग्लासाकडे नव्हे, जमलेल्या लोकांकडे. हा माझा खेळ. वसमतमध्ये तो मी कितीतरी वर्षं चालवला, आणि एकही प्रयोग पडला नाही.

पेट्रोलची गाडी असली की पाणी गप्प बसायचं. मी हात मागे बांधून मंद हसायचो. मग शेजारच्या डिझेल जीपवर तोच ग्लास ठेवायचा. ग्लास थरथरायचा, पाणी काठावरून उड्या मारायचं, घडी ओली व्हायची. बाकड्यावरचे लोक "आयला!" म्हणायचे. ज्याला गाडी घ्यायची तो विचारात पडायचा. त्याचा विचार चालू असतानाच मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचो, "आता सांगा, घरच्या माणसाला कशात बसवायचं?"

माझं गॅरेज परभणीच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड, झाडाखाली बाकडं. बाकड्यावर गिऱ्हाईक कमी आणि प्रेक्षक जास्त. सगळे मला मिस्त्री म्हणतात. माझं खरं नाव पोस्टमनला आणि बायकोला माहीत आहे, आणि बायको ते घेत नाही. काम दोन प्रकारचं. एक, बिघडलेली गाडी दुरुस्त करायची. दोन, कोणती गाडी घ्यावी ते सांगायचं. पहिल्या कामात हात काळे व्हायचे. दुसऱ्यात नुसती जीभ चालवावी लागायची, म्हणून मला ते जास्त आवडायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे मोटार म्हणजे डॉक्टर, हळदीचे आडते आणि पुढारी. पुढे मास्तर लोक, ग्रामसेवक, बागायतदारही जुन्या गाड्या घेऊ लागले. नांदेडहून, हैदराबादहून गाडी यायची, आणि घेण्याआधी माणूस माझ्याकडे यायचा. "मिस्त्री, पेट्रोल घ्यावं का डिझेल?" मुलीसाठी आलेल्या दोन स्थळांतलं एक निवडायचं असावं, अशा चेहऱ्याने विचारायचे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोल ठिणगीने पेटतं. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते जबर दाबाखाली आपोआप पेटतं. म्हणून डिझेलचं इंजिन जाडजूड, दणकट आणि आवाजी. ते महाग मिळतं, पण तेल स्वस्त आणि कमी पितं. पेट्रोलची गाडी घेताना स्वस्त, चालवायला मऊ, पण पंपावर खिसा हलका करते. तेव्हा रोज फार फिरणाऱ्याने डिझेल घ्यावं, कधीमधी फिरणाऱ्याने पेट्रोल. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "रोज किती चालणार?" आणि त्याचं खरं उत्तर मला आजवर एकानेही दिलं नाही.

कुरुंद्याच्या एका हळदवाल्या शेठला मी अशीच मऊ पेट्रोलची गाडी घेऊन दिली. आठ दिवसांत स्वारी परत. चेहरा पडलेला.

"काय शेठ, गाडी तकलीफ देते का?"

"गाडीची न्हाई हो तकलीफ. पण गल्लीत शिरली तरी कुणी बाहीर येईना बघायला. कळतच न्हाई कुणाला, आपण आलो ते."

मी त्यांना डिझेलची अशी जीप शोधून दिली की ती वळणावर असतानाच गल्लीतली लेकरं दारात यायची. शेठ खूश. हिंगोलीचे एक निवृत्त कारकून मात्र उलटे. बचतीसाठी त्यांनी हट्टाने डिझेल घेतली, आणि नेली कुठं तर एकादशीला नरसीला दर्शनाला, तेवढीच. बाकीचे दिवस गाडी कापडाखाली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, बॅटरी मेली. त्यांची बचत एवढी झाली की गाडी हललीच नाही.

असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. या अंकाच्या संपादकांनी "मिस्त्री, तुमचे गमतीदार गिऱ्हाइकांचे अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी खुशीने बसलो. सगळ्यांत हशा मिळवणारा किस्सा पहिला घ्यायचा ठरवलं: 'पेट्रोलच्या गाडीत डिझेल ओतणारा माणूस'. हा किस्सा मी लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, एकदा तर निवडणुकीच्या सभेत पुढारी यायला उशीर झाला म्हणून माइकवरून सांगितलेला आहे. पान-दीड पान लिहून झालं आणि पेन पुढे जाईना. कारण तोंडाने सांगताना जे गाळता येतं, ते कागदावर गाळलं की तिथं भोक दिसतं.

तर आता न गाळता सांगतो.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. हट्ट्याच्या पलीकडच्या एका गावचे दोघे भाऊ माझ्याकडे आले. थोरले उत्तम गुरुजी. प्राथमिक शाळेत शिक्षक, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. धाकटा मिलिंद घरची शेती बघायचा आणि गुरुजींच्या नोकरीच्या आधाराने घेतलेला ट्रॅक्टर चालवायचा. "जय भीम, मिस्त्री," करून दोघं बाकड्यावर टेकले. गुरुजींच्या आईला, म्हणजे त्यांच्या भाषेत मायला, दम्याचा त्रास. हळद शिजवायच्या दिवसांत शिवारभर धूर असतो, त्यात तिचा जीव घाबरा व्हायचा. एसटीत उभं राहवत नाही, ट्रॅक्टरचे हादरे सोसत नाहीत.

"मायसाठीच घ्यायची गाडी," गुरुजी म्हणाले. "दवाखान्यात न्यायला-आणायला. बाकी आपल्याला मिरवायचं न्हाई."

मी ठरलेला प्रश्न विचारला. गुरुजींनी खरं उत्तर दिलं असेल तर ते पहिलेच. "महिन्यातून दोन-तीन येळा."

"मग पेट्रोल!" मी टाळी वाजवली. त्या आठवड्यात शेडमध्ये एक छोटी पांढरी पेट्रोल गाडी विकायला आलेलीच होती.

तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "दादा, डिझेलची घेऊ."

मी त्याच्याकडे वळलो. अडथळा आणणारा माणूस भेटला की खेळाला रंग चढतो, हे मला माहीत होतं. "काहून हो मिलिंदराव?"

"घरी डिझेलचा डरम असतोय भरलेला, ट्रॅक्टरसाठी. गावात कुणाच्या बी दारात डिझेल भेटल. पेट्रोल भेटतंय का? त्याला वसमत गाठावं लागतंय."

आज एवढ्या वर्षांनी लिहितो: त्या बाकड्यावर त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य तेच होतं. मी आयुष्यभर 'रोज किती चालणार' विचारलं. 'घरात कोणतं तेल असतं' हे मला सुचलंच नव्हतं. तो माणूस गाडीचा नव्हे, गावाचा विचार करून बोलत होता. मी त्याला काय म्हणालो? म्हणालो, "म्हणजे ट्रॅक्टर आणि गाडी एकाच दावणीला बांधणार म्हणा की!"

बाकडं हसलं. गुरुजीही थोडे हसले. मिलिंद कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, पण हटला नाही. "हसा तुमी. पण ऐन येळेला पेट्रोल सरलं तर?"

याचं उत्तर अगदी सोपं होतं. घरात पाच लिटरचा एक कॅन पेट्रोलने भरून ठेवा आणि त्याला हात लावू नका. एवढं एक वाक्य. माझ्या मागे कोपऱ्यात तसाच कॅन होता, कार्ब्युरेटर धुवायला मी ठेवायचो. पण त्या उत्तरावर कोण हसणार? मी ग्लास भरला. घडी ठेवली. गाडी चालू केली. पाणी हललं नाही. सगळे बघत राहिले. मग मी एका हाताने बॉनेट थोपटलं, दुसरा छातीवर ठेवला आणि म्हणालो,

"मिलिंदराव, लई सोशिक लेकरू आहे हे! पेट्रोल सरलंच, तर तुमच्या डरममधलं घोटभर डिझेल पाजा. ठसकत ठसकत का होईना, वसमतला आणून सोडील तुमाला!"

हशा असा झाला की समोरच्या टायरवाल्याने मान वर केली. एकटा मिलिंद हसला नाही. त्याने विचारलं, "बराबर?"

"एकदम बराबर," मी म्हणालो.

गाडी त्यांच्या घरी गेली. गुरुजींना चालवायला जमेना, ते काम मिलिंदकडे आलं. माय पुढच्या सीटवर बसून दवाखान्यात यायची. परत जाताना एकदा माझ्या शेडपाशी थांबली आणि खिडकीतून म्हणाली, "लई चांगली गाडी दिलीस बाबा. पोटातलं पाणी बी हलत न्हाई." मी बाकड्याकडे बघून मान लववली. बाकड्याने दाद दिली.

गाव म्हटलं की एकट्याची गाडी एकट्याची राहत नाही. महिन्यातून दोन-तीन वेळा म्हणून घेतलेली गाडी कुणाच्या सुनेला बाळंतपणाला, कुणाच्या पोराला साप चावला म्हणून धावू लागली. दोघा भावांना नाही म्हणवत नव्हतं. पुढच्या वर्षी हळद शिजवायचे दिवस आले. वसमतच्या पंपावर टँकर आला नाही म्हणून तीन दिवस पेट्रोल नव्हतं. हट्ट्याला एक दुकानदार बाटलीतून पेट्रोल विकायचा, त्याच्या बाटल्याही रिकाम्या. आदल्या दिवशी शेजारच्या बाईला दवाखान्यात पोचवून आली तेव्हा गाडीचा काटा खाली टेकलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला मायला दम लागला. गुरुजी शाळेच्या कामाने हिंगोलीला. गावात चार मोटारसायकली, त्याही कोरड्या. अंगणात मिलिंदसमोर दोन वाहनं उभी होती. एक ट्रॅक्टर, टाकी भरलेली, पण त्याचे हादरे आणि धूर तिला सोसायचे नाहीत. दुसरी मायसाठीच घेतलेली गाडी, जिच्यात पोटातलं पाणी हलत नाही. आणि भिंतीला टेकून डिझेलचा ड्रम.

त्याने गाडी निवडली. ड्रममधून पाच लिटर डिझेल काढलं आणि पेट्रोलच्या टाकीत ओतलं.

इथं बाकडं हसायचं, म्हणून इथं थांबून एक सांगतो. त्या काळी विहिरीवर काही छोटी इंजिनं असायची, ती पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर चालवायचे. मिलिंदने ती हाताळलेली होती. तेव्हा एक तेल संपून दुसऱ्यावर इंजिन चालतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात मिस्त्रीने छातीवर हात ठेवून सांगितलेलं. त्याला न पटण्यासारखं काय होतं?

नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालू झाली. मिलिंदला वाटलं, मिस्त्री बराबर बोलला. गाव मागे पडलं. दीड-दोन किलोमीटरवर डिझेल इंजिनात पोचलं. ठिणगी पडत राहिली, पण डिझेल ठिणगीने पेटत नाही, ओल्या काडीसारखं नुसतं धुमसतं. गाडी ठसकली. पांढरा धूर सुटला. अजून थोडी ठसकली आणि बंद पडली. दोन्हीकडे शेतं, वाळत घातलेली हळद, सावलीला झाड नाही. धूर गाडीत शिरला म्हणून मायला त्याने बाहेर काढून बांधावर बसवलं. गावात पळत जाऊन ट्रॅक्टर आणावा, तर तिला एकटं टाकावं लागतं. तो रस्त्यात उभा राहिला. बऱ्याच वेळाने हळदीची पोती घेऊन निघालेला एक टेम्पो आला, त्यात पोत्यांवर माय वसमतला पोचली. तिथून नांदेडला हलवली.

दुपारनंतर मिलिंद माझ्या शेडमध्ये आला. कपड्यांना हळद लागलेली. हातात किल्ली. "गाडी रस्त्यावर हाय," एवढंच बोलला. मी कोपऱ्यातला पेट्रोलचा कॅन घेतला, मिलिंदला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि गेलो. गाडीची नळी सोडली, चार थेंब बोटावर घेतले आणि वास आला. मी मान वर केली.

"डिझेल टाकलं?"

"तुमीच म्हणलं व्हतं की."

"अरे, ते मी हसण्यावारी..."

"व्हय," मिलिंद म्हणाला. "सगळे हसले व्हते."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसती माहिती देत होता.

पाचव्या दिवशी माय नांदेडच्या दवाखान्यात वारली. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या बौद्ध विधीला, मी गेलो. अंगणात माणसं बसलेली. त्यांचे एक मामा सगळ्यांदेखत मिलिंदवर तुटून पडले. "ट्रॅक्टर चालवतोस ना? पेट्रोलच्या गाडीत डिझेल टाकायचं न्हाई, एवढं बी कळंना तुला? दारात ट्रॅक्टर उभा असून मायला उन्हात बसवलंस!" मिलिंद मान खाली घालून बसलेला. गुरुजींनी मला पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. म्हणाले, "मिस्त्री, तुमी जाणकार. तुमी सांगा. टाकावं का असं डिझेल?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. बाकड्यावरच्या दहा-बारा माणसांपुढे ज्याची जीभ कधी अडखळली नाही, त्या मिस्त्रीला त्या दिवशी शंभर माणसं मिळाली होती. मी म्हणालो, "न्हाई गुरुजी. टाकू न्हाई."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मिलिंदने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याने तोंड उघडलं असतं तर माझं गॅरेज त्या दिवशी बंद झालं असतं. त्याने मान पुन्हा खाली घातली.

गुरुजींनी पुढे बदली घेतली आणि हिंगोलीला बिऱ्हाड केलं. भावाभावांत भांडण झालं नाही. नुसतं बोलणं आटलं. लग्नकार्याला भेटायचे, जेवलात का विचारायचे, उठायचे. गावात मिलिंदला पोरं मागून 'डिझेल' म्हणायची. आणि मी? वर्ष-दोन वर्षं गप्प राहिलो. मग एकदा टपरीवर कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, सांगा की एखादा नमुना." मी नाव, गाव, माय आणि स्वतःला वगळून तो किस्सा सांगितला. गाडीचं ठसकणं तोंडाने काढून दाखवलं. लोक टेबलावर पडून हसले. पुढच्या वेळी ठसकणं आणखी लांबवलं.

हट्ट्याच्या एका लग्नात तोच किस्सा रंगवून सांगत होतो. सांगून झाल्यावर मागच्या खुर्चीवरचा माणूस उठला. मिलिंद होता. केस पिकले होते. त्याने हातातला चहाचा कप शांतपणे खाली ठेवला.

"आवाज झकास काढता, मिस्त्री," तो म्हणाला. "गाडीत कोण बसलं व्हतं, तेवढं न्हाई सांगत तुमी."

त्यानंतर तो किस्सा मी कुठं सांगितला नाही, थेट या अंकासाठी लिहायला बसेपर्यंत. पण न सांगणं म्हणजे चूक दुरुस्त करणं नव्हे, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. गाडी कापडाखाली झाकून ठेवली म्हणून चालू होत नाही.

संपादकांसाठी लिहायला घेतलेलं ते दीड पान फाडलं, आणि मिलिंदला फोन केला. म्हटलं, गुरुजींकडे जाऊ, तू चल. "कशाला उकरून राहिले आता?" तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "कव्हा निघायचं?"

हिंगोलीला गुरुजींच्या बैठकीत आम्ही दोघं बसलो. गुरुजी निवृत्त झालेले, चष्मा जाड झालेला. त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला. स्टीलचा, काठोकाठ भरलेला. पाणी माझ्या पँटवर सांडलं. हात डिझेलवर चालला होता.

मी सांगितलं. बाकडं, हशा, छातीवरचा हात, 'घोटभर पाजा', 'एकदम बराबर'. अंगणात त्यांनी मला विचारलं तेव्हा मी काय गाळलं ते. आवाज काढला नाही, हातवारे केले नाहीत. आयुष्यात इतक्या वाईट पद्धतीने मी काही सांगितलेलं नाही.

गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. ते मिलिंदकडे बघत होते.

"तू काहून सांगितलं न्हाईस रे?"

मिलिंदने या वेळी मान खाली घातली नाही.

"मला इचारलं कव्हा, दादा? तुमी मिस्त्रीला इचारलं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुरुजी उठून मिलिंदच्या शेजारी जाऊन बसले असावेत. असावेत म्हणतो, कारण मी हातातला ग्लास खाली ठेवला होता आणि त्यातलं पाणी हलायचं कधी थांबतं तेच बघत होतो. त्या दिवशी मला माणसांकडे बघवलं नाही.